तिसरा पुकारा

एक जून. आईच्या पिढीतल्या झाडणाऱ्या बायांपैकी जवळजवळ सगळ्यांचा जन्म कागदावर एक जूनचा.

*

जन्माचा दाखला नव्हता, म्हणून महापालिकेच्या डॉक्टरने आईला तोंड उघडायला लावलं, दात पाहिले, मनगटाची हाडं दाबली आणि कागदावर तिचं वय आठ वर्षांनी वाढवलं. त्या दिवशी ती नोकरीत कायम झाली.

*

त्या गावाहून पहिली एसटी पहाटे सव्वापाचला सुटते. आमच्या शहरात साडेदहाला येते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

*

छबूबाई लोंढेच्या गळ्यात तीन बायांचे आवाज होते. त्यातला एक तिचा स्वतःचा.

*

"कोणताही रकाना रिक्त ठेवू नये." पेन्शनच्या अर्जाच्या पहिल्या पानावरची तळटीप.

*

मे महिना, दोन हजार बारा. महापालिकेच्या मुख्य इमारतीचा तिसरा मजला. पेन्शन विभागाबाहेरच्या व्हरांड्यात एकच लांब बाक होता आणि त्या बाकावर जितक्या बाया मावतील त्याच्या दुप्पट बाया जमिनीवर बसल्या होत्या. एक जूनला जन्मलेले सगळे एकतीस मेला निवृत्त होतात, त्यामुळे दरवर्षी त्या महिन्यात तिथे अशीच गर्दी असते. पंखा एक. तो साहेबांच्या दाराकडे तोंड करून.

"जोत्स्ने, बाटली दे. पाणी भरून आणते," आई म्हणाली.

मी बाकावर बसले होते, मांडीवर तिच्या कागदांची फाइल. समोर भिंतीला टेकून छबूबाई बसली होती. आई आणि ती एकाच आरोग्य कोठीतल्या. कोठी म्हणजे पत्र्याची खोली. झाडणाऱ्या बाया सकाळी सहाला तिथे जमतात, मुकादम वहीतून मान वर न काढता नावं घेतो आणि बाया "हजर" म्हणतात. कुणाचं पोर आजारी असलं, कुणाला उशीर झाला, तर छबूबाई तिच्या जागी "हजर" म्हणायची. वेगळ्या आवाजात. मुकादमाला कळायचं की नाही देव जाणे. वीस वर्षांत त्याने एकदाही मान वर केली नाही.

"आमच्या दोघींचं एकाच दिवशी सुटतंय," छबूबाई शेजारणीला सांगत होती. "एक जूनपास्नं सकाळी आठपत्तुर झोपणार. नवऱ्याला म्हनलं, चहा तू कर."

आई व्हरांड्याच्या टोकाला, नळाकडे गेली.

तेवढ्यात एक म्हातारा जिना चढून आला. धुतलेला सदरा, टोपी, खिशाला पेन. बाकावरच्या एका बाईचं नाव पुकारलं गेलं आणि ती उठली, म्हणून त्याला माझ्या शेजारी जागा मिळाली. त्याने खिशातून खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी काढली आणि आधी माझ्यासमोर धरली.

"घे पोरी. लांबून आलो. उपाशी हाय."

मी चार दाणे घेतले. मला तो आवडला. आमच्या घरी म्हातारं माणूस कधी नव्हतं, त्यामुळे असेल.

"हितंच बोलावत्यात नव्हं? पेन्शनीचं?"

"हो. नाव पुकारतात. तीनदा. तिसऱ्यांदाही कुणी उठलं नाही तर फाइलवर गैरहजर लिहून खाली ठेवतात. मग पुन्हा कधी नंबर येईल सांगता येत नाही."

"हुशार हायस," तो म्हणाला. सदऱ्याच्या आतून त्याने एक खाकी पाकीट काढलं. तसंच पाकीट आमच्याकडेही आलं होतं. "चष्मा घरी राह्यला. वाच की जरा. पोस्टमननं वाचलं, पर ध्यानात न्हाई."

मी वाचलं. तारीख आजची होती.

*श्रीमती गोदावरी रंगनाथ ननावरे, सफाई कामगार, यांनी निवृत्तिवेतन प्रस्तावासाठी पतीसह संयुक्त छायाचित्र घेऊन समक्ष उपस्थित राहावे.*

गोदावरी रंगनाथ ननावरे म्हणजे माझी आई.

*

आईला जगात एका माणसाची भीती होती. मी तान्ही असताना ती मला कडेवर घेऊन माझ्या बापाच्या घरातून निघाली. का निघाली हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तरी तिने सांगितलं नसतं. एवढंच माहीत होतं की तो आम्हाला सापडता कामा नये. दाराला आतून दोन कड्या होत्या. रेशनच्या रांगेत कुणी गाव विचारलं की आई उलट विचारायची, "कशाला?" बाजारात कुणी मागून "गोदा" अशी हाक मारली, तर ती वळायची नाही. आधी माझा हात धरायची, मग चालण्याचा वेग वाढवायची.

मला ती भीती जुनी झालेली वाटायची. एकवीस वर्षं उलटली होती. कोण शोधत बसतंय?

अर्ज मी भरला होता. मी बी.कॉम. झाले होते, माझं अक्षर चांगलं होतं. 'सध्याचा पत्ता' लिहिला. पुढचा रकाना 'कायमचा पत्ता'.

"हितलाच घाल," आई म्हणाली.

"ही खोली भाड्याची आहे. ही कायमची कशी?"

"मग काय बी घाल."

काहीही घालायला मी काय अडाणी होते? रकाना रिक्तही ठेवता येत नव्हता. सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर, आई नोकरीत कायम झाली तेव्हाच्या कारकुनाने पतीच्या नावाखाली गावाचं नाव लिहून ठेवलं होतं. ते मी उतरवलं. तालुका, जिल्हा. पोस्टात जाऊन पिनकोडही शोधून आणला. आईला वाचता येत नव्हतं. मी बोट ठेवलं तिथे तिने अंगठा उठवला.

कार्यालय प्रत्येक पत्र दोन्ही पत्त्यांवर पाठवतं.

*

"काय लिवलंय?" त्याने विचारलं.

"आज यायला सांगितलंय."

"ते झालंच की. बायको माझी. एकवीस वरसं मला म्हायीत न्हाई मेली का जित्ती. आन् बघ, सरकारनंच बोलावून घेतलं." तो हसला. त्याचे दात शाबूत होते. "एक लेक बी हाय. आता तुझ्याएवढीच असंल."

मांडीवरच्या फाइलवर आईचं नाव ठळक अक्षरात होतं. मीच स्केचपेनने लिहिलं होतं. मी फाइल उलटी केली. शेंगदाणे तोंडात तसेच होते.

"तुझी कोण हाय हितं?"

"मावशी. मावशीची फाइल आहे."

"नाव काय तुझं?"

मी खोकले. खूप वेळ खोकले. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवून थोपटलं.

व्हरांड्याच्या टोकाला आई बाटली घेऊन परत येत होती. ती थांबली. तिला त्याचं तोंड दिसलं नव्हतं, तो माझ्याकडे वळून बसला होता. पण तो बोलत होता. तिने आवाज ऐकला.

तिच्या मागे दोन पावलांवर पलीकडचा, दुसरा जिना होता. तो सरळ खाली रस्त्यावर जात होता. ती गेली असती तर कुणी अडवलं नसतं. पण मी बाकावर होते आणि त्याचा हात माझ्या पाठीवर होता.

आईने बाटली खिडकीत ठेवली. संडासाच्या दाराआड एक झाडू उभा होता, तो घेतला. पदर भुवयांपर्यंत ओढला, कमरेला खोचला, वाकली आणि झाडायला लागली.

ती झाडत आली. घाईने नाही. भिंतीकडून मधे, मधून भिंतीकडे, जशी रोज रस्ता झाडायची तशी. जमिनीवरच्या बाया कुरकुरत सरकल्या. "आत्ता काय झाडती गं, माणसं बसल्यात!" छबूबाईने वर पाहिलं, आईला ओळखलं आणि बोलायला तोंड उघडलं. मग तिने भुवयांपर्यंतचा तो पदर पाहिला असणार. तिने पाय आखडून झाडूला वाट दिली.

आई बाकापाशी पोहोचली. झाडू त्याच्या चपलेला लागला.

त्याने पाय उचलले.

दोन्ही पाय वर घेऊन तो तसाच माझ्याशी बोलत राहिला, एसटीचं तिकीट किती झालंय याबद्दल, आणि माझी आई त्याच्या पायांखालून शेंगदाण्यांची फोलपटं काढत राहिली. त्याने खाली पाहिलं नाही. झाडणाऱ्या बाईचं तोंड कोण बघतं? मी मात्र तिची मान पाहत होते. मानेवरून घामाची धार वाहत होती.

झाडू माझ्या पायावर आपटला. जोरात.

"ऊठ गं ए बाई. झाडू दे." तो आईचा नेहमीचा आवाज नव्हता. घोगरा, पुरुषी, कुणाचातरी होता. "तिकडं जाऊन हुबी ऱ्हा."

मी उठले. फाइल छातीशी धरून छबूबाईच्या बाजूला गेले. छबूबाईच्या कानाशी वाकून मी एवढंच म्हणाले, "तो माझा बाप आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. कमरेचा बटवा काढून तंबाखू मळायला लागली.

आणि दार उघडून शिपायाने पुकारलं.

"गोदावरी रंगनाथ ननावरे!"

*

पहिला पुकारा.

आईचा झाडू थांबला. तिचे ओठ हलले, मी पाहिलं. वीस वर्षं रोज सकाळी त्या नावामागोमाग "हजर" म्हणणारं ते तोंड. तिने दातांत पदर धरला.

त्याने पाय खाली ठेवले. टोपी नीट केली. व्हरांड्याकडे नजर टाकली, एकेका बाईच्या चेहऱ्यावरून, सावकाश, बाजारात जनावर बघतात तशी.

"गोदावरी रंगनाथ ननावरे!"

दुसरा.

तो उभा राहिला. "मी तिचा नवरा हाय. ती हितंच कुटंतरी असंल."

"नवरा एकटा येऊन उपयोग नाही बाबा. बाई पाहिजे." शिपाई कंटाळला होता. "आहे का कुणी? का लिहू गैरहजर?"

गैरहजर लिहिलं असतं तर फाइल अडकली असती, आणि त्या फाइलमध्ये नवरा म्हणून हजर झालेल्या माणसाची नोंद राहिली असती. मग तो पुढच्या तारखेला आला असता, आणि त्याच्या पुढच्या. आमच्या खोलीचा पत्ता त्याच फाइलमध्ये होता.

आईने झाडू भिंतीला लावला. ती सरळ होऊ लागली. ती "हजर" म्हणणार होती. माझ्यापासून त्याची नजर काढायची तर तिच्याकडे तेवढंच उरलं होतं.

"गोदावरी रंगनाथ ननावरे!"

"हजर!"

छबूबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. "हजर हाय की! कवापास्नं उठतीया, गुडघं साथ देईनात. का वरडतोय, लगीन लागलंय व्हय?"

*

साहेबांच्या टेबलापुढे एकच खुर्ची होती. तीवर तो बसला. छबूबाई उभी राहिली. कागदांची फाइल माझ्याकडे होती, म्हणून मलाही आत जावं लागलं.

तांबोळीसाहेब पेन्शनचं काम पाहत. त्यांनी गठ्ठ्यातली आईची फाइल उघडली. पहिल्या पानावर आईचा फोटो चिकटवलेला होता. त्यांनी फोटो पाहिला. मग छबूबाईकडे पाहिलं. मग पुन्हा फोटो.

छबूबाईचीही फाइल त्याच टेबलावर होती. खाली, दुसरी किंवा तिसरी. तिच्या पहिल्या पानावर तिचा फोटो. दुसऱ्याच्या नावाने हजर राहिली म्हणून तिची पेन्शन अडली असती, हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं.

"बाई, तुम्ही गोदावरी ननावरे?"

"व्हय साहेब."

"आणि हे?"

छबूबाईने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ह्यास्नी काय म्या वळखत न्हाई. नवराच द्यायचा असंल तर जरा तरणा द्या की."

दारातला शिपाई खुदकन हसला. तो मात्र खुर्चीतून उठला. "ही न्हवं! ही कोण ठेंगणी? माझी गोदा हुबी असली तर दाराच्या चौकटीला लागायची. ही माझी बायको न्हाई!"

"नीट बघा. सरकारी काम आहे."

"बघितलं. न्हाई म्हंजी न्हाई."

बाहेर झाडू चालल्याचा आवाज येत होता, खर्र, खर्र. साहेबांनी दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे. माझ्या तोंडावर काय होतं मला माहीत नाही. त्यांनी शाईचा पॅड उचलला आणि आईच्या फोटोवर ठेवला.

"मग तसं लिहून द्या."

"लिवून कशापायी?"

"तुम्ही पत्र घेऊन नवरा म्हणून आलात. आता म्हणता ही बायको नाही. लिहून दिलंत तर चूक आमची, पत्र चुकीच्या पत्त्यावर गेलं. नाही दिलंत, तर एक इसम खोटा नवरा बनून पेन्शनवर हक्क सांगायला आला असं मला पोलिसांना कळवावं लागेल."

तो बसला. पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला. "पर नाव तर तेच हाय."

"एका नावाच्या बाया पुष्कळ असतात. इथे तर जन्मतारीखसुद्धा सगळ्यांची एकच आहे."

त्याने मान हलवली. मग ती मान हळूहळू माझ्याकडे वळली.

"ही पोरगी कुणाची?"

"माजी," छबूबाई म्हणाली. "धाकटी."

"मगाशी तर म्हनली मावशीची फाइल हाय."

त्या खोलीतला पंखा मला अजून ऐकू येतो. एक पातं कशाला तरी घासत होतं.

"मग? मावशीच म्हनती ती मला," छबूबाई म्हणाली. "कालेजात गेल्यापास्नं. आय झाडू मारती म्हनायची लाज वाटती म्हाराणीला. हिला इचारा, माझ्यासंगं रस्त्यानं तरी चालती का." आणि तिने माझ्या गालावर एक चापट दिली. बेतानेच, पण कानात आवाज झाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते कधीचं यायचं थांबलं होतं.

तो माझ्या रडण्याकडे पाहत राहिला. मग त्याने खिशाचं पेन काढलं.

तांबोळीसाहेबांनी मजकूर स्वतः लिहिला आणि मोठ्याने वाचून दाखवला. या कार्यालयातील कर्मचारी श्रीमती गोदावरी रंगनाथ ननावरे ही माझी पत्नी नाही. तिच्याशी व तिच्या कुटुंबाशी माझा कोणताही संबंध नाही. तिच्या निवृत्तिवेतनावर माझा हक्क नाही व पुढे सांगणार नाही. खाली त्याने सही केली. तो 'र' पहिल्यांदा उभी रेघ ओढून मग वळवत होता. मीही तसाच काढते.

"पत्ता गावचाच लिवू का?" त्याने विचारलं.

"गावचा," साहेब म्हणाले. "कायमचा."

*

तो जिना उतरायला लागला आणि मी कठड्याकडे धावले. व्हरांड्यात आई नव्हती.

ती जिन्यात होती. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, पाठमोरी, पायरी झाडत. तो तिच्यापर्यंत पोहोचला. थांबला. मी कठडा धरून ठेवला. त्याने खिशात हात घातला, शेंगदाण्यांची रिकामी पुडी काढली, चुरगळली, तिच्या झाडूपुढे टाकली आणि तिला वळसा घालून खाली गेला.

आईने पुडी झाडून बाजूला घेतली. मग पुढची पायरी. मग त्याच्या पुढची.

छबूबाई माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. "बस कर गं," ती वरून म्हणाली. "ही आपल्या झाडायची बीट न्हाई. फुकट झाडायचं न्हाई सांगून ठिवते." पण आईने जिना तळापर्यंत झाडला. रस्त्यावर गेली, दोन्ही बाजूंना पाहिलं, एसटी स्टँडकडे जाणारी टोपी दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिली, आणि मग फुटपाथवर बसून ओकली.

मी पाण्याची बाटली नेली. ती चूळ भरत म्हणाली, "त्याला पत्ता कुणी दिला?"

"ऑफिसनं काढला असेल," मी म्हणाले. "जुन्या कागदातून."

"व्हय. कागदात सगळं असतं," आई म्हणाली. तिने माझ्या गालावरचे छबूबाईच्या बोटांचे वळ पाहिले आणि बाटलीतलं पाणी हाताला लावून तो गाल पुसला.

दोघींचे पेन्शनचे आदेश ऑगस्टमध्ये एकाच दिवशी आले. आईच्या आदेशात पतीच्या रकान्यात 'लागू नाही' असं होतं. ते अक्षर तांबोळीसाहेबांचं. पुढे आई सात वर्षं जगली. दाराच्या दुसऱ्या कडीला तिने हात लावणं सोडलं. तो पत्ता मी लिहिला होता, हे मी तिला सांगितलं नाही.

*

आई गेल्यावर तिच्या पेटीत सापडलेला, एप्रिल एक्क्याण्णवचा, तालुक्याच्या सरकारी दवाखान्याचा केसपेपर. मुलगी, वय अकरा महिने. पाळण्यातून पडून डावा हात दोन ठिकाणी मोडला. माहिती देणार: रंगनाथ ननावरे, वडील.

त्या घरात पाळणा नव्हता.